कडी कुठे, कोन किती

अमेरिकेतल्या महामार्गांवर पिकअप ट्रकच्या मागे जोडलेले बंद ट्रेलर सतत दिसतात. पत्र्याचा लांबट डबा, खाली दोन आस, मागे जमिनीपर्यंत उतरून उताराचं काम करणारं दार. आत कुणाची शर्यतीची गाडी असते, कुणाच्या दोन मोटरसायकली, कुणाचं सुतारकामाचं अख्खं दुकान. उघड्या ट्रकवरचा दोर सैल झाला तर मागून येणारा कुणीतरी हॉर्न वाजवून, हात करून सांगतो. बंद ट्रेलरमध्ये ती सोय नाही. आत एखादी वस्तू सुटली तर चालकाला ते ब्रेक मारताना मागून बसलेल्या धक्क्याने कळतं, नाहीतर मुक्कामाला पोचून दार उघडल्यावर.

नवा ट्रेलर घेणाऱ्याला वाटतं, चारी बाजूंनी भिंती आहेत, माल जाणार कुठे? त्यासाठी त्या भिंतीत काय आहे ते पाहायला हवं. सर्वसाधारण ट्रेलरमध्ये १६ किंवा २४ इंचांच्या अंतराने उभे पोलादी खांब असतात, बाहेरून पाऊण मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून पातळ प्लायवूड. ऊन, पाऊस आणि चोर बाहेर ठेवायला ही भिंत पुरेशी आहे. सुटलेलं चारशे किलोंचं यंत्र आत ठेवायला ती बांधलेलीच नाही. माल धरून ठेवण्याचं काम तळाच्या सांगाड्याचं आहे. त्या सांगाड्याशी माल कसा जोडायचा, हा या प्रकरणाचा विषय. आजकाल त्यासाठी खाचा किंवा भोकं असलेल्या लांब धातूच्या पट्ट्या, म्हणजे रेल, बसवतात आणि रेलमध्ये अडकवलेल्या विणलेल्या पट्ट्यांनी माल आवळतात. कोणती रेल घ्यावी, कुठे बसवावी आणि तिच्यावर किती विसंबावं, याचा निर्णय दुकानातल्या किमतीच्या पाटीवरून होत नाही.

आधी जोर किती येतो ते पाहू. अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीतल्या ४९व्या शीर्षकाच्या ३९३व्या भागात माल बांधण्याचे नियम आहेत. त्यांचं आजचं रूप १ जानेवारी २००४ पासून पाळणं बंधनकारक झालं. मालाला पुढच्या दिशेने ०.८ जी, मागच्या दिशेने ०.५ जी आणि बाजूला ०.५ जी इतका हिसका बसला तरी तो जागचा हलता कामा नये, असं ते सांगतात. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. युरोपच्या ईएन १२१९५-१ या मानकातही पुढच्या दिशेला ०.८ हाच आकडा आहे. तो कुठून येतो हे समजायला फार गणित लागत नाही. ताशी ९७ किलोमीटर वेगाने जाणारं वाहन ०.८ जी इतक्या जोरात ब्रेक लावून थांबवलं तर ते सुमारे साडेतीन सेकंदांत, ४६ मीटरांच्या आसपास उभं राहतं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांना हे जमतं. त्या साडेतीन सेकंदांत ५०० किलोंचं यंत्र सतत ४०० किलोंच्या जोराने पुढे ढकलत असतं. हा क्षणभराचा धक्का नव्हे, साडेतीन सेकंदांचा रेटा आहे. त्याआधीच माल जरासा सरकलेला असेल तर तो वेग घेऊन पट्ट्यावर आदळतो आणि मग हा हिशेबही तोकडा पडतो. म्हणून माल जागच्या जागी घट्ट असणं हे पट्ट्याच्या ताकदीइतकंच महत्त्वाचं.

हे नियम मुख्यतः धंद्याच्या मोठ्या वाहनांसाठी आहेत. सुट्टीच्या दिवशी स्वतःची मोटरसायकल घेऊन निघालेल्या माणसाला त्यातले बरेचसे लागू होत नाहीत. पण ब्रेकला परवाना कसला आहे ते कळत नाही, तेव्हा हौशी माणसानेही हेच आकडे धरून चालावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पट्ट्यांवरचे आकडे. चांगल्या पट्ट्यावर दोन मर्यादा छापलेल्या असतात. एक तुटण्याची मर्यादा आणि दुसरी सुरक्षित भाराची मर्यादा, जी पहिलीच्या एक तृतीयांश असते. दोन इंच रुंदीचा रॅचेटचा, म्हणजे दांड्याने आवळायचा पट्टा, ज्याच्या दोन्ही टोकांना रेलच्या खाचेत बसणारी कडी असते, तो बहुतेक ४,४०० पौंडांना तुटतो आणि त्याची सुरक्षित मर्यादा १,४६७ पौंड, म्हणजे ६६५ किलो असते. पकड-बकलच्या, म्हणजे हाताने ओढून आवळायच्या हलक्या पट्ट्याची सुरक्षित मर्यादा साधारण ८३३ पौंड. नियम असा की सगळ्या पट्ट्यांची मिळून सुरक्षित मर्यादा मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. शिवाय जो पट्टा ट्रेलरच्या कडीपासून निघून थेट मालाच्याच कडीला संपतो, त्याची या बेरजेत निम्मीच किंमत धरायची. पट्टा मालावरून जाऊन पलीकडच्या बाजूला बांधला तर पूर्ण किंमत.

पण पट्ट्याचा आकडा पाहून खरेदी करणारे इथेच फसतात. पट्टा, त्याच्या टोकाची कडी, कडी बसते ती रेल, रेल धरणारा बोल्ट आणि बोल्ट ज्यात घुसला आहे ते लाकूड किंवा पोलाद, ही सगळी एकच साखळी आहे. तिची ताकद यातल्या सगळ्यात कमजोर दुव्याइतकी. दहा हजार पौंडांचा पट्टा आणून तो प्लायवूडमध्ये बसवलेल्या चार स्क्रूंना बांधला, तर तो फक्त चार स्क्रूंइतकाच मजबूत.

दोन घराणी

बाजारात रेलचे प्रकार बरेच दिसतात, पण त्यांची मुख्य घराणी दोनच.

पहिली ई-ट्रॅक. ही पोलादी पत्रा ठोकून बनवलेली, साधारण पाच इंच रुंद पट्टी. तिच्यात ओळीने आयताकृती खाचा असतात आणि टोकाला स्प्रिंग असलेली कडी त्या खाचेत टक् असा आवाज होऊन बसते. मालवाहतुकीच्या ५३ फुटी मोठ्या ट्रेलरच्या भिंतींवर ही पट्टी अनेक दशकं आहे. तिथे तिचा उपयोग नुसत्या पट्ट्यांसाठी नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींतल्या खाचांमध्ये आडवा खांब अडकवला की मालाला पुढून अडसर मिळतो, आणि असे अनेक खांब एका उंचीवर बसवले की दुसरा मजला तयार होतो. लाकडी फळी बसवायचे कोनाडे, दोर बांधायच्या कड्या, चाकावरून टाकायच्या पट्ट्याच्या तीन टोकांच्या कड्या, असं या खाचेत बसणारं सामान भरपूर आणि स्वस्त मिळतं. एका चांगल्या खाचेची सुरक्षित मर्यादा साधारण दोन हजार पौंड सांगितली जाते, पण हा आकडा रेलच्या जाडीवर आणि बनवणाऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून तो वाचल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी एल-ट्रॅक, जिला लोक विमानाची रेलही म्हणतात, आणि ते खरंच आहे. प्रवासी विमानात खुर्च्या जमिनीतल्या ज्या रेलमध्ये बसवतात, तीच ही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची साच्यातून काढलेली पट्टी, तिच्यात एक इंच अंतराने गोल भोकं, आणि भोकांना जोडणारी अरुंद फट. कडीचा गुंडा भोकातून आत घालायचा, अर्धा इंच सरकवायचा आणि खिट्टी खाली सोडायची. गुंडा फटीखाली अडकतो आणि खिट्टी भोकात बसल्यामुळे तो मागे येऊ शकत नाही. या रेलची मापं आयएसओ ७१६६ या मानकात ठरवलेली आहेत, त्यामुळे एका कारखान्याची कडी दुसऱ्याच्या रेलमध्ये सहसा बसते. विमान कंपन्या दोन ओळींतलं अंतर एकेक इंचाने कमी-जास्त करू शकतात, ते याच भोकांमुळे. आणि या रेलवर किती भरवसा टाकला गेला आहे पाहा. अमेरिकेच्या नागरी विमान नियमांत १९८८ पासून नव्या रचनेच्या प्रवासी विमानांच्या खुर्च्यांना पुढच्या दिशेने १६ जीच्या धक्क्याची चाचणी द्यावी लागते. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या प्रवाशांना ती खुर्ची बसमध्ये किंवा व्हॅनमध्ये चार पट्ट्यांनी जमिनीला बांधून नेतात, त्या जमिनीतही पुष्कळदा हीच रेल असते.

म्हणून ॲल्युमिनियम म्हटल्यावर कमकुवत समजू नये. दोन गुंड्यांची कडी चार-पाच हजार पौंडांना तुटते, म्हणजे एका कडीपुरतं पाहिलं तर ई-ट्रॅकच्या साध्या पट्ट्याच्या जवळपासच. फरक दुसरीकडे आहे. ई-ट्रॅक स्वस्त, दणकट, वरून ठोकलेली चालते. पण जमिनीवर बसवली तर उंचवटा राहतो, रुंद खाचांत माती आणि खडी साचते आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने रंग उडालेल्या जागी गंज धरतो. एल-ट्रॅक अरुंद, जमिनीशी जवळजवळ सपाट बसणारी, न गंजणारी. पण महाग, आणि एका भोकात अडकलेला एवढासा खडाही कडीला बसू देत नाही.

याशिवाय तिसरा, सगळ्यात जुना पर्याय आहे तो नुसत्या कडीचा. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची पोलादी कडी, खाली जाड पट्टी, सांगाड्याला थेट बोल्ट. ज्याचा माल ठरलेला आहे, दर वेळी तेच यंत्र त्याच जागी ठेवायचं आहे, त्याने रेलच्या भानगडीत पडू नये. चार मोक्याच्या जागी बसवलेल्या चांगल्या कड्या कुठल्याही रेलपेक्षा मजबूत असतात. रेल घ्यायची ती जागा बदलता यावी म्हणून. जागा बदलता येण्याचं महत्त्व किती, ते कोनाच्या हिशेबातून कळतं.

कोन

१,६०० किलोंची गाडी घेऊ. नियमांत एक बारकावा आहे: ०.८ जीचा हिसका पट्ट्याच्या तुटण्याच्या मर्यादेशी ताडून पाहायचा, आणि सुरक्षित मर्यादेशी ताडताना पुढच्या दिशेला ०.४३५ जी धरायचा. म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या हिशेबात गाडी ६९६ किलोंच्या जोराने पुढे रेटते. तिला रोखतात ते मागे बांधलेले दोन पट्टे. प्रत्येकाच्या वाट्याला ३४८ किलो.

पण पट्टा जमिनीला समांतर नसतो. गाडीच्या खालची कडी जमिनीपासून फूटभर उंच आहे आणि पट्टा तिथून तिरका मागे, खाली रेलमध्ये गेला आहे. तो जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर पुढचा ३४८ किलोंचा रेटा थोपवायला पट्ट्यात सुमारे ४०० किलोंचा ताण येतो. सुरक्षित मर्यादा ६६५. छान. आता तोच पट्टा जवळच्याच कडीला, ६० अंशांच्या उभ्या कोनात बांधू. तेवढाच रेटा थोपवायला पट्ट्यात ६९६ किलोंचा ताण येतो. मर्यादा ओलांडली. पट्टा तोच, गाडी तीच, ब्रेक तोच.

या दोन कोनांमधलं जमिनीवरचं अंतर किती असेल? फूटभर उंचीच्या कडीसाठी ३० अंशांचा कोन साधायला जमिनीतली कडी सुमारे ५२ सेंटिमीटर मागे लागते. ६० अंशांना १७ सेंटिमीटर. फरक ३५ सेंटिमीटरांचा, म्हणजे एल-ट्रॅकची चौदा भोकं. चार-चार फुटांवर बसवलेल्या ठरावीक कड्यांमध्ये कोन तुमच्या पदरात पडेल तो घ्यावा लागतो. रेलमध्ये तो निवडता येतो. रेलसाठी मोजलेल्या पैशांतून हीच निवड विकत मिळते, आणि रेल किती महागाची घ्यायची हे ठरवताना आपल्याला ही निवड किती वेळा करावी लागणार आहे, हाच प्रश्न विचारायचा.

फारच सपाट कोनही कामाचा नाही. पट्टा जमिनीजवळून गेला तर पुढचा रेटा छान थोपवतो, पण माल खाली दाबत नाही आणि उसळी रोखत नाही. शिवाय पट्टा बाजूलाही जरा फाकलेला हवा, नाहीतर वळणावरचा ०.५ जी कुणी पेलायचा? म्हणून ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान राहणं बरं, हा मालवाहतुकीतल्या अनुभवी लोकांचा सल्ला मला पटतो.

कोनाच्या आणि कड्यांच्या हिशेबात चूक झाली तर काय होऊ शकतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण ट्रेलरचं नाही, विमानाचं आहे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बग्राम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचं १०२ क्रमांकाचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईकडे निघालं. आत सुरुंगरोधक पाच चिलखती वाहनं पट्ट्यांनी बांधलेली होती. उड्डाणानंतर लगेचच त्यातलं निदान एक वाहन सुटून मागे सरकलं, त्याने मागच्या भागातली हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटाचा आडवा पंख हलवणारी यंत्रणा निकामी केली, विमानाचं नाक वर उचललं गेलं आणि ते कोसळलं. सातही कर्मचारी गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ठपका ठेवला तो असा अवजड माल बांधण्याच्या कंपनीच्या अपुऱ्या कार्यपद्धतीवर. चांगले पट्टे होते, पुष्कळ होते. ते किती, कुठे आणि कोणत्या कोनात लावायचे, याचं बरोबर उत्तर हाताशी नव्हतं.

रेल कशाला धरते

ट्रेलरचा तळ खालून पाहिला तर दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पोलादी बार दिसतात, १६ किंवा २४ इंचांच्या अंतराने. त्यावर पाऊण इंचाचं प्लायवूड. रेल बसवण्याची खरी कला इथे आहे. ट्रेलरच्या लांबीला समांतर रेल टाकली की ती प्रत्येक आडव्या बारावरून जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिला पोलादात बोल्ट मारता येतो. रुंदीला समांतर टाकली, तर ती दोन बारांच्या मध्ये पडण्याची शक्यता असते आणि मग तिला आधार फक्त लाकडाचा. तशी टाकायचीच असेल तर प्लायवूडच्या खाली तेवढ्याच लांबीची पोलादी पट्टी धरून बोल्ट आरपार घ्यावा. नुसता छोटा वायसर पुरत नाही. जोराचा हिसका बसला की तो प्लायवूडमध्ये रुतत जातो.

कारखान्यातून आलेल्या रेलवरची भोकं आणि तुमच्या ट्रेलरचे बार यांचं अंतर जुळेलच असं नाही. अशा वेळी लोक रेलची भोकं जिथे येतात तिथे स्क्रू मारतात आणि निम्मे स्क्रू लाकडात जातात. त्याऐवजी रेलमध्ये नवी भोकं पाडून बार गाठावेत. त्याआधी खाली वाकून एकदा पाहावं, कारण ट्रेलरचे ब्रेक आणि दिवे यांच्या तारा याच तळाखालून गेलेल्या असतात आणि वरून मारलेल्या ड्रिलला त्या दिसत नाहीत. जिथे आरपार बोल्ट शक्य आहे तिथे तोच घ्यावा, खाली नायलॉनची पकड असलेला नट, आणि भोकात पाणी मुरू नये म्हणून सीलंट. भिजलेलं प्लायवूड काही वर्षांत भुसभुशीत होतं आणि मग वर कितीही चांगली रेल असली तरी तिचा उपयोग राहत नाही.

जमिनीशी सपाट राहावी म्हणून काही जण प्लायवूडमध्ये खोबण करून एल-ट्रॅक आत बसवतात. दिसायला सुंदर, हातगाडीची चाकं अडत नाहीत, पाय अडखळत नाही. पण पाऊण इंचाच्या फळीत लांबच लांब खोबण पाडल्यावर तिथे जाडी किती उरली याचा विचार हवा. त्यापेक्षा कडांना उतार असलेली, वरून बसवायची एल-ट्रॅक मिळते ती बरी. चाक तिच्यावरून सहज जातं आणि फळी अखंड राहते.

भिंतीवरच्या रेलबद्दल एकच गोष्ट ठसवून सांगतो. तिचे स्क्रू प्रत्येक उभ्या खांबात गेले पाहिजेत, प्लायवूडमध्ये नाही. आणि तसं केल्यावरही भिंतीच्या रेलने जड वस्तू खाली आवळायची नाही. रॅचेट फिरवताना भिंती आत ओढल्या जातात, खांब वाकतात आणि पट्टा घट्ट झाल्याचा भास होतो. गाडी निघाल्यावर भिंती थोड्या सैलावल्या की पट्टाही सैल. भिंत उंच आणि हलक्या मालाला कलू न देण्यासाठी आहे. जड मालाचं वजन जमिनीच्या रेलने धरायचं.

मालाप्रमाणे

मोटरसायकल असेल तर एल-ट्रॅक घ्यावी, असं मी डोळे मिटून सांगेन. पुढचं चाक पकडणारा खोबणीचा स्टँड, पुढे दोन पट्टे फाकवून पुढे खेचलेले, मागे दोन मागे खेचलेले. सुमारे २५० किलोंची मोटरसायकल उभी असताना तिचा भार वर असतो, म्हणून बाजूचा हिसका इथे सगळ्यात धोकादायक, आणि म्हणून पट्टे बाजूला किती फाकवायचे हे प्रत्येक मोटरसायकलच्या रुंदीप्रमाणे बदलावं लागतं. इंचाइंचाने जागा बदलण्याचा फायदा इथे पुरेपूर मिळतो. पुढचं सस्पेन्शन थोडं दाबलं जाईल इतपत आवळायचं, पूर्ण तळाला जाईल इतकं नाही. तसं केलं तर तेलाच्या सीलवर ताण येतो आणि खड्ड्यात उरलेली हालचालही नाहीशी होते.

चारचाकीला ई-ट्रॅक अगदी योग्य. गाडीचा सांगाडा पट्ट्यांनी खाली आवळला तर प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, पट्टा क्षणभर ढिला होतो आणि पुन्हा ताणला जातो. चाकावरून टाकायचा पट्टा चाकालाच जमिनीला धरतो, वरची गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर डोलत राहते. या पट्ट्याला तीन टोकं असतात आणि ती चाकाच्या पुढे-मागे ई-ट्रॅकच्या खाचांत बसतात, त्यामुळे एका खाचेवर सगळा भार येत नाही. मात्र इथे प्रत्येक चाकाखालून लांबीला समांतर रेल हवी. वेगवेगळ्या गाड्यांच्या दोन आसांमधलं अंतर वेगळं असलं तरी डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर फारसं बदलत नाही, म्हणून दोन लांब रेल पुरतात.

हलका, मोठा, नाजूक माल हा वेगळाच प्रश्न आहे. उत्तर अमेरिकेत मराठी मंडळांची ढोल-ताशा पथकं आहेत. समजा एखाद्या पथकाला मिरवणुकीसाठी वीस-पंचवीस ढोल दुसऱ्या गावी न्यायचे आहेत. वजन फारसं नाही, पण आकार गोल, एकावर एक रचले की घरंगळणारे, आणि पान ताणलेलं. इथे रॅचेट हातात घेऊच नये. रॅचेटच्या दांड्याने माणूस नकळत इतका जोर लावतो की ढोलाची कड दबते. भिंतीवर दोन उंचींवर ई-ट्रॅक, पकड-बकलचे पट्टे, हाताने ओढून घट्ट केलेले, आणि ढोलांमध्ये जाड गोधड्या. रांगेच्या पुढच्या टोकाला एक आडवा खांब, म्हणजे ब्रेकच्या वेळी सगळी रांग पुढे येणार नाही. स्पीकर, कपाटं, पेट्या यांनाही हीच रीत.

आपल्याकडच्या मालट्रकच्या हौद्याला बाहेरून खालच्या बाजूने हुकांची रांग असते आणि ताडपत्रीवरून टाकलेला दोर एकेका हुकात अडकवत नेतात. माल जसा असेल तसा हुक निवडायचा, हीच त्यामागची बुद्धी. फक्त एक फरक लक्षात ठेवण्याजोगा. अमेरिकेच्या नियमांत माल धरणाऱ्या पट्ट्याला गाठ असलेली चालत नाही. गाठीत धागे एकमेकांना कापतात आणि पट्ट्यावर छापलेला आकडा खोटा ठरतो. लांब पट्टा आखूड करायला गाठ मारायची नाही, तर रेलमधली कडी लांबच्या खाचेत न्यायची.

आणखी एक निर्णय आहे, जो पट्ट्याच्या आधी घ्यावा लागतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढच्या हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीशी जोडणाऱ्या सांध्यावर, आलं पाहिजे. ते कमी पडलं, म्हणजे जड वस्तू मागे गेल्या, की वेग वाढल्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणं ओढणाऱ्या गाडीला रस्त्यावरून खेचून नेऊ शकतं. ठरावीक कड्यांच्या ट्रेलरमध्ये माणूस वस्तू तिथे ठेवतो जिथे कडी आहे. रेल असेल तर वस्तू जिथे तोल म्हणतो तिथे ठेवता येते आणि कडी तिच्याकडे आणता येते. म्हणून जमिनीतली रेल निम्म्या लांबीची घेऊन पैसे वाचवू नयेत. ती पुढच्या भिंतीपासून मागच्या दारापर्यंत सलग हवी.

निघाल्यावरचं काम धंद्याच्या चालकांना नियमानेच नेमून दिलेलं आहे. पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून माल तपासायचा, आणि नंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा. पहिली तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण माल बसतो, लाकडी पेट्या दबतात आणि घट्ट असलेला पट्टा पन्नास मैलांत ढिला होतो. तेव्हा नुसतं डोळ्याने पाहू नये. प्रत्येक कडी हाताने ओढून पाहावी. ई-ट्रॅकची कडी अर्धवट बसली असेल तर ताण नसताना ती सहज बाहेर येते. एल-ट्रॅकची खिट्टी पूर्ण खाली गेली नसेल तर बोटाला लगेच कळतं. घरी परतल्यावर रेलमधली माती हवेच्या झोताने उडवून, मिठाच्या रस्त्यावरून आलेला ट्रेलर असेल तर गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, विशेषतः जिथे ॲल्युमिनियमच्या रेलमध्ये पोलादी बोल्ट आहेत तिथे, कारण मिठाच्या ओलीत या दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम झिजत जातं. खाचेची कड वाकलेली दिसली तर ती खाच पुन्हा वापरू नये; ठोकून सरळ केलेलं पोलाद तिथेच पुन्हा वाकतं. पाच फुटी तुकडे जोडून बसवलेली रेल अशा वेळी सोयीची पडते, कारण तेवढा एक तुकडा उतरवून बदलला की काम होतं.